विहिरीतून वर यायला चोवीस वर्षं: होसे बोर्दालास आणि स्पॅनिश फुटबॉलची शिडी

२० ऑगस्ट २०१७, बिल्बाओचं सान मामेस स्टेडियम, अ‍ॅथलेटिक बिल्बाओ विरुद्ध हेताफे. हेताफे नुकतीच वर आलेली टीम, मॅच ०-० सुटली आणि त्या मॅचबद्दल लक्षात ठेवण्यासारखं काही नाही असंच कुणीही म्हणेल. पण हेताफेच्या बाकाजवळ, टचलाइनवर सतत उभा असलेला जो माणूस होता त्याच्यासाठी ती ला लीगातली, म्हणजे स्पेनच्या सगळ्यात वरच्या लीगमधली, पहिली मॅच होती. कोच म्हणून पहिली, आणि खेळाडू म्हणून तर तो तिथे कधी पोचलाच नव्हता. वय वर्षं ५३. कोचिंग सुरू करून चोवीस वर्षं झालेली.

होसे बोर्दालास. आपल्याकडे हे नाव फार लोकांना माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यातल्या बऱ्याच जणांना तो "ती धसमुसळी टीम घेऊन येणारा कोच" म्हणूनच माहीत आहे. मला तो मनापासून आवडतो. आणि त्याचं करिअर नीट समजून घेतलं की स्पॅनिश फुटबॉलचा सगळा जिना खालपासून वरपर्यंत कळतो, जो टीव्हीवर कधी दिसत नाही, कारण टीव्हीवर फक्त गच्ची दिसते. म्हणून हा लेख.

आधी नावाचं सांगतो. आपल्या पेपरात गेटाफे छापतात पण स्पॅनिशमधे त्या ग चा उच्चार घशातून ह सारखा होतो, म्हणून मी हेताफे लिहितोय. माद्रिदच्या दक्षिणेला लागून असलेलं हे गाव, माद्रिदचंच उपनगर म्हणा.

आता शिडी. स्पेनमधे सगळ्यात वर ला लीगा, २० टीम. त्याखाली सेगुंदा, म्हणजे दुसरी, २२ टीम, ४२ मॅचेसचा लांबलचक सीझन. या दोनच लेव्हल ला लीगा नावाच्या संस्थेकडे आहेत आणि कायद्याने प्रोफेशनल धरल्या जातात, टीव्हीचा पैसा येतो तो इथपर्यंतच. त्याच्याखाली स्पॅनिश फेडरेशनचा कारभार सुरू होतो आणि एकदम दरी लागते. बोर्दालास ज्या काळात खेळला आणि शिकला त्या काळात तिसऱ्या लेव्हलचं नाव होतं सेगुंदा बी, म्हणजे "दुसरी ब", आणि चौथीचं नाव होतं तेर्सेरा म्हणजे "तिसरी". होय, चौथ्या लेव्हलचं नाव तिसरी, इथे नवीन माणसाचा गोंधळ हमखास होतो. २०२१ पासून फेडरेशनने सगळं बदललं, आता तिसरी लेव्हल म्हणजे प्रिमेरा फेदेरासियोन, चौथी सेगुंदा फेदेरासियोन, पाचवी तेर्सेरा फेदेरासियोन, त्यामुळे गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच. मी पुढे जुनीच नावं वापरतो कारण गोष्ट जुन्या काळातली आहे.

सेगुंदा बी मधे साधारण ८० टीम असायच्या, २० चा एक असे चार ग्रुप, भूगोलाप्रमाणे पाडलेले. आता हिशोब बघा. नंतर नंतर जी पद्धत होती त्यात प्रत्येक ग्रुपमधले पहिले चार, म्हणजे १६ टीम प्लेऑफ खेळायच्या आणि त्यातून वर जायच्या फक्त ४. ऐंशीतून चार. वर्षभर ३८ मॅचेस खेळून ग्रुपमधे तिसरे आलात, कौतुक झालं, आणि मग मे-जूनमधे दोन आठवड्यांत एखाद्या अनोळखी गावच्या टीमने तुम्हाला घरी पाठवलं की परत ऑगस्टमधे शून्यापासून सुरुवात. त्यात भर म्हणजे मोठ्या क्लबांच्या राखीव टीमसुद्धा याच शिडीवर खेळतात, रेआल माद्रिदची कास्तिया, बार्सेलोनाची बी टीम वगैरे. त्यांना मुख्य टीम ज्या लेव्हलला आहे तिथे जाता येत नाही पण त्याच्या खाली कुठेही असू शकतात, म्हणजे तुमच्या गावच्या टीमसमोर एखाद्या रविवारी उद्याचा सुपरस्टार उभा असायचा आणि तुमचा बॅक सोमवारी सकाळी परत कामावर जायचा. या सेगुंदा बी ला स्पेनमधे लोक "एल पोसो" म्हणायचे. पोसो म्हणजे विहीर. एकदा आत पडलात की भिंती गुळगुळीत आणि वर यायला दोर नाही.

या विहिरीत आणि तिच्याही खालच्या पायरीवर बोर्दालासची खेळाडू म्हणून सगळी कारकीर्द गेली.

तो ५ मार्च १९६४ ला अलिकांतेमधे जन्मला, स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदराचं शहर. तिथला मोठा क्लब म्हणजे एर्क्युलेस, म्हणजे आपला तो ग्रीक दंतकथेतला हर्क्युलिस, त्याच क्लबच्या पोरांमधून तो वर आला. पोझिशन सेंटर फॉरवर्ड. पुढे तो जवळजवळ सगळा वेळ सेगुंदा बी आणि तेर्सेरातल्या आसपासच्या क्लबांकडूनच खेळला आणि १९९२ मधे दुखापतीमुळे थांबला. तेव्हा वय २८. स्ट्रायकरसाठी २८ म्हणजे ऐन भरातलं वय, ज्या वयात लोक पहिलं मोठं कॉन्ट्रॅक्ट साइन करतात त्या वयात हा बूट काढून ठेवत होता.

खालच्या लीगमधला स्ट्रायकर असणं म्हणजे काय हे जरा सांगायला हवं कारण माझ्या मते या माणसाचं पुढचं सगळं तिथून येतं. वरच्या लेव्हलचा स्ट्रायकर बघायची आपल्याला सवय झालेली असते, त्याला बॉल पायात मिळतो, मागून तीन चार कारागीर त्याच्यासाठी वाट काढून देतात. खाली तसं नसतं. मैदान खडबडीत, खालच्या खालच्या लेव्हलला तर तेव्हा मातीचंसुद्धा, गोलकीपर लांब किक मारतो, बॉल हवेतून येतो आणि तू एकटा दोन धिप्पाड सेंटर बॅकच्या मधे उभा. पाठीत कोपर बसतं, टाचेवर लाथ बसते, रेफरी सगळं बघत नाही. नव्वद मिनिटांत कदाचित दोन चान्स मिळणार, एक तरी घातला पाहिजे, नाहीतर पुढच्या रविवारी दुसरा पोरगा खेळेल. मग असा स्ट्रायकर काय शिकतो, तर बॉल आपल्याकडे येईल याची वाट बघायची नाही, समोरच्याच्या पायातून तो काढायचा, जितका त्यांच्या गोलच्या जवळ काढता येईल तितका बरा. ही शिकवण लक्षात ठेवा, शेवटी हेताफेमधे हीच परत येते.

१९९३ मधे त्याने कोचिंग सुरू केलं. कुठे, तर आलिकांते सीएफ नावाच्या क्लबच्या बी टीमला. हा एर्क्युलेसचा शहरातलाच धाकटा शेजारी. पुढच्या वर्षी मुख्य टीम. मग बेनिदोर्म, एल्देन्से, मुचामेल, परत आलिकांते. नकाशा उघडून ही गावं शोधलीत तर लक्षात येईल की सगळी एकाच प्रांतात आहेत, शहरापासून साठेक किलोमीटरच्या आत, बेनिदोर्म किनाऱ्यावरचं टुरिस्टांचं गाव, एल्दा चपला-बुटांच्या कारखान्यांचं गाव. म्हणजे पहिली कितीतरी वर्षं हा माणूस एका जिल्ह्यात फिरत होता, आज या तालुक्याच्या टीमला तर उद्या त्या. २००१ मधे आलिकांतेला तेर्सेरातून सेगुंदा बी मधे चढवलं, म्हणजे चौथ्या पायरीवरून तिसऱ्या. आठ वर्षं कोचिंग करून एक पायरी.

कोच व्हायला नुसता अनुभव पुरत नाही हेही इथेच सांगून टाकतो. स्पेनमधे फेडरेशनच्या शाळा असतात, प्रत्येक प्रांतात, आणि तीन टप्प्यांचे कोर्स असतात, शेवटचा यूएफा (युरोपच्या फुटबॉलची संस्था) प्रो, तो असल्याशिवाय वरच्या लेव्हलला हेड कोच म्हणून बसता येत नाही. बाकीच्या युरोपच्या मानाने स्पेनमधे असे लायसन्सवाले कोच खूप आहेत, त्यामुळे तेर्सेरातल्या टीमचा कोचसुद्धा शिकलेला असतो आणि दर रविवारी समोरही शिकलेलाच उभा असतो. बोर्दालाससारखी माणसं विहिरीच्या तळाशी असतानासुद्धा रोज डोकं चालवत राहतात ती या स्पर्धेमुळे. एक गंमत म्हणजे स्पेनमधे खेळाडू कोचला "मिस्टर" म्हणतात, सर नाही, कोच नाही, मिस्टर. शंभर वर्षांपूर्वी बिल्बाओ वगैरे ठिकाणी इंग्लिश कोच असायचे तेव्हापासून ते चिकटलंय असं सांगतात. तर आपला मिस्टर.

२००६ मधे तो एर्क्युलेसला गेला, ज्या क्लबात लहानाचा मोठा झाला त्याच क्लबात, आणि टीम तेव्हा सेगुंदात होती. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा प्रोफेशनल लेव्हल, तीही घरच्या टीमसोबत. आणि फार काळ टिकला नाही, काढलं. परत खाली, आल्कोयानोला.

आल्कोयानोबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आल्कॉय हे डोंगरातलं गाव, तिथली ही टीम. स्पॅनिशमधे एक म्हण आहे, "आल्कोयानोपेक्षा जास्त उमेद असणे". गोष्ट अशी सांगतात की पूर्वी कधीतरी ही टीम ढिगाने गोल खाऊन हरत होती, मॅच संपत आलेली, तरी खेळाडू रेफरीकडे अजून वेळ मागत होते, कारण आपण बरोबरी करू असं त्यांना वाटत होतं. तेव्हापासून स्पेनमधे कुणी काहीही झालं तरी हार मानत नसेल तर त्याला म्हणतात की हा आल्कोयानोच. आपण "पडलो तरी नाक वर" म्हणतो त्यात थोडा टोमणा असतो, या म्हणीत टोमण्यासोबत खूप सारं प्रेम आहे. घरच्या क्लबने काढलेला चाळिशीतला कोच नेमका या गावात जाऊन परत बांधणी सुरू करतो हे मला फार आवडतं.

तिथून २००९ मधे एल्चे, पुन्हा सेगुंदा, पुन्हा त्याच प्रांतात, अलिकांतेपासून वीसबावीस किलोमीटरवर. इथे त्याला होर्हे मोलिना नावाचा स्ट्रायकर मिळाला, मूळचा आल्कॉयचाच, तोही वर्षानुवर्षं खालच्या लीगमधून घासत आलेला. मोलिनाने त्या २००९-१० च्या सीझनमधे २६ गोल मारले आणि सेगुंदाचा पिचिची झाला. पिचिची म्हणजे सर्वात जास्त गोल मारणारा, बिल्बाओच्या एका जुन्या स्ट्रायकरचं हे टोपणनाव होतं, त्याच्यावरून हे नाव पडलं. मोलिना मग मोठ्या क्लबात गेला. हे नाव लक्षात ठेवा.

मोलिना गेला तरी पुढच्या वर्षी एल्चे प्लेऑफला पोचली. सेगुंदातून वर जायचं कसं ते थोडक्यात सांगतो, पहिले दोन थेट वर, आणि तिसरा ते सहावा यांच्यात प्लेऑफ, त्यातला एक वर. २०११ ला ही पद्धत नुकतीच सुरू झाली होती. फायनल ग्रानादाविरुद्ध, दोन मॅचेसची. ग्रानादामधे ०-०. एल्चेमधे १-१. एकूण बरोबरी, म्हणजे कुणीच हरलं नाही, पण तेव्हा परक्या मैदानावरचा गोल जास्त वजनाचा धरायचे. ग्रानादाने एल्चेत एक गोल मारला होता, एल्चेने ग्रानादात मारला नव्हता. संपलं. ग्रानादा वर गेली, एल्चे तिथेच. फायनलची एकही मॅच न हरता अठरा वर्षांचं स्वप्न घरच्या लोकांसमोर गेलं.

मला अजूनही तो नियम पटत नाही, यूएफाने २०२१ मधे आपल्या स्पर्धांमधून तो काढून टाकला हे बरंच केलं.

मग आल्कोर्कोन, हे पण माद्रिदचं उपनगर, दोन वेळा वेगवेगळ्या काळात, बरं चाललं पण वर काही जाता आलं नाही. आणि २०१५ मधे अलावेस, उत्तरेला बास्क प्रदेशातल्या विटोरिया शहराचा क्लब, २००६ नंतर ला लीगा न पाहिलेला. तिथे पहिल्याच वर्षी सेगुंदा जिंकली. ७५ पॉइंट, दुसऱ्या नंबरच्या लेगानेसला ७४. दहा वर्षांनी अलावेस वर, आणि बोर्दालास वयाच्या ५२ व्या वर्षी शेवटी ला लीगात जाणार. आणि काही आठवड्यांत क्लबने त्याच्याशी करार संपवला. ज्या माणसाने दार उघडलं त्यालाच उंबऱ्याबाहेर ठेवलं. त्याच्या जागी मौरिसियो पेयेग्रिनो आला, त्याने काम उत्तम केलं, पुढच्या वर्षी टीमला कोपा देल रे, म्हणजे स्पेनच्या नॉकआउट कपच्या, फायनलपर्यंत नेलं, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण खालच्या लीगमधून आलेल्या कोचबद्दल मोठ्या खुर्चीतल्या लोकांना कायम एक शंका असते की हा खाली चालतो, वर चालेल का. नामवंत माजी खेळाडूला कोच म्हणून पहिली नोकरी मिळताना हा प्रश्न कुणी विचारत नाही.

त्याच सप्टेंबरमधे फोन आला हेताफेचा. बारा वर्षं ला लीगात काढून टीम नुकतीच खाली पडली होती आणि सेगुंदातही सात मॅचेसनंतर तळाजवळ, अजून खाली जायच्या जागेत. बोर्दालासने जे उभं केलं ते अविश्वसनीय होतं, सीझन संपला तेव्हा टीम तिसरी. प्लेऑफमधे आधी ऊएस्का, मग फायनल तेनेरिफेशी. पहिली मॅच बेटावर, ०-१ हार. दुसरी २४ जून २०१७ ला घरी, ३-१. सहा वर्षांपूर्वी एल्चेला जे मिळालं नव्हतं ते इथे मिळालं. सलग दोन वर्षं, दोन वेगळे क्लब वर नेले, आणि या वेळी क्लबने त्याला ठेवलं. म्हणून ते सान मामेस, म्हणून ते ०-०.

पुढची तीन वर्षं मी आयुष्यात पाहिलेल्या फुटबॉलमधली सगळ्यात लाडकी आहेत. पहिल्या वर्षी ५५ पॉइंट, आठवा नंबर. दुसऱ्या वर्षी, २०१८-१९, ५९ पॉइंट आणि पाचवा नंबर, क्लबच्या इतिहासातला सर्वोत्तम, चौथ्या वालेन्सियाला ६१. म्हणजे चॅम्पियन्स लीग, युरोपातली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा जिथे पहिले चार जातात, ती दोन पॉइंटने हुकली, त्या छोट्याशा उपनगरातल्या टीमची. योगायोगाने त्याच सीझनपासून भारतात ला लीगाचे हक्क फेसबुककडे होते, मॅचेस फुकट फोनवर दिसायच्या, त्यामुळे एरवी कुठल्याच चॅनलने दाखवली नसती ती हेताफे मी रात्री झोपताना पांघरुणात फोन धरून बघायचो.

आता त्या टीमचे स्ट्रायकर बघा. होर्हे मोलिना, एल्चेवालाच, आता ३६ वर्षांचा. हाइमे माता, माद्रिदजवळच्या ट्रेस कान्तोसचा, विशीतली बरीच वर्षं खालच्या लीगमधे काढलेली, २०१७-१८ मधे वायादोलिदकडून सेगुंदात तीसच्या वर गोल मारून पिचिची झाला आणि मग हेताफेने उचलला, ला लीगातली पहिली मॅच २९ व्या वर्षी. तिसरा आंखेल रॉड्रिगेझ, तोही तिशी ओलांडलेला. एकाही मोठ्या क्लबला यातला कुणी पुढची पाच वर्षं खेळवण्यासाठी हवा नव्हता. माताने त्या सीझनला ला लीगात १४ गोल मारले आणि मार्च २०१९ मधे स्पेनच्या राष्ट्रीय टीममधून खेळला, वय ३०.

बोर्दालासची पद्धत समजून घ्यायची तर या दोघांकडे, माता आणि मोलिनाकडे, टीमकडे बॉल नसताना बघायचं. फॉर्मेशन साधं ४-४-२, यात नवीन काही नाही. समोरच्या गोलकीपरने बॉल आपल्या सेंटर बॅकला दिला की माता सरळ त्याच्या अंगावर धावत नाही, थोडा वळसा घेऊन धावतो, असा की सेंटर बॅकला परत आडवा पास देता येऊ नये, आतली वाट बंद. मोलिनाचा धावायचा वेग कमी झालेला होता त्यामुळे तो धावायचाच नाही फार, तो त्यांच्या बचावात्मक मिडफिल्डरच्या पुढ्यात जाऊन उभा राहायचा, म्हणजे मधली वाट पण बंद. उरली फक्त बाहेरची, साइड बॅककडची. सेंटर बॅक नाइलाजाने तिकडे पास देतो, आणि पास सुटल्या क्षणी हेताफेचा विंगर, त्याच्या मागचा फुलबॅक आणि एक मिडफिल्डर असे तिघं त्या साइड बॅकवर झेपावतात. त्याच्या एका बाजूला टचलाइन आहे, टचलाइन हा अकरा जणांव्यतिरिक्तचा बारावा डिफेंडर. बॉल एकतर हिसकावला जातो, नाहीतर बाहेर जातो, नाहीतर तो घाबरून लांब किक मारतो आणि मागे हेताफेचे सेंटर बॅक हेडर मारायला तयारच असतात. यालाच प्रेसिंग म्हणतात, पण नुसतं धावणं म्हणजे प्रेसिंग नाही, कोणती वाट उघडी ठेवायची ते आधी ठरवलेलं असतं. तुम्ही गुरांना गोठ्यात घालताना बघितलंय ना, मागून हाकलत नाहीत, दोन बाजूंना उभे राहतात आणि गुरं आपणहून दारातून जातात, अगदी तसं.

आणि हे सगळं सुरू कुठून होतं तर स्ट्रायकरपासून. ज्याने आयुष्यभर गोल मारायची वाट बघितली त्याच्याकडून बचाव सुरू करून घ्यायचा, आणि तोही ३६ वर्षांच्या माणसाकडून, हे त्या कोचलाच सुचतं जो स्वतः मातीच्या मैदानावर एकटा पुढे उभा राहिलेला आहे. त्या सीझनला ३८ मॅचेसमधे हेताफेने फक्त ३५ गोल खाल्ले.

फाउलबद्दल बोलायलाच हवं, कारण टीका तिथेच होते. हेताफे खूप फाउल करायची, कार्डं खूप घ्यायची, मॅच सारखी थांबायची. बार्सेलोनाच्या कोचांनी तक्रारी केल्या, बाकीच्यांनी पण. ती टीका पूर्ण खोटी नाही, काही टॅकल मलाही बघवले नाहीत. पण कारण समजून घ्या. प्रेसिंगमधे तीन माणसं एका कोपऱ्यात झेपावतात तेव्हा बाकीचं मैदान रिकामं होतं, सापळा चुकला आणि बॉल बाहेर निसटला तर समोरच्याला मोकळं रान मिळतं, म्हणून तो निसटायच्या आधी मैदानाच्या मध्यावर छोटा फाउल करून खेळ थांबवायचा आणि सगळ्यांनी जागेवर परत यायचं. ही युक्ती मोठ्या टीमही करतात आणि त्यांच्या बाबतीत तिला हुशारी म्हणतात. ज्या क्लबचं सगळं बजेट बार्सेलोनाच्या एकदोन खेळाडूंच्या पगाराएवढं, त्याने सुंदर खेळून हरावं ही अपेक्षा मला तरी अन्यायाची वाटते.

फेब्रुवारी २०२० मधे युरोपा लीगमधे, म्हणजे युरोपातल्या दुसऱ्या नंबरच्या स्पर्धेत, समोर आली आयाक्स, आदल्या वर्षीची चॅम्पियन्स लीग सेमीफायनलिस्ट, सगळ्या जगाची लाडकी टीम. पहिली मॅच हेताफेत, २-०. दुसरी अ‍ॅमस्टरडॅममधे, आणि तिथे पाचव्याच मिनिटाला गोल कुणी मारावा, तर माताने. आयाक्स २-१ ने जिंकली पण एकूण ३-२ हेताफे पुढे. ट्रेस कान्तोसचा पोरगा अ‍ॅमस्टरडॅममधे.

मग कोरोना आला, सगळं थांबलं, पुढची मॅच इंटर मिलानशी होती ती दोनाऐवजी एकच खेळवली, ५ ऑगस्टला, जर्मनीत गेल्सनकिर्खेनला, रिकाम्या स्टेडियममधे. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटलेली. हेताफे ०-१ मागे होती पण मॅचमधे पूर्ण जिवंत, आणि दुसऱ्या हाफमधे पेनल्टी मिळाली. नुकताच बदली म्हणून आलेला मोलिना बॉल घेऊन उभा राहिला. ३८ वर्षांचा. बाक सगळा उभा, स्टेडियममधे एक माणूस नाही त्यामुळे बुटांचा आवाजसुद्धा ऐकू येतोय असं वाटत होतं. त्याने मारली आणि ती गोलच्या बाहेरून गेली. नंतर इंटरच्या एरिक्सनने दुसरा गोल केला, ०-२. मोलिनाची हेताफेतली शेवटची मॅच तीच. पण तो तिथे थांबला नाही, ग्रानादाला गेला आणि डिसेंबर २०२१ मधे मायोर्काविरुद्ध हॅटट्रिक मारली, ३९ व्या वर्षी, ला लीगात हॅटट्रिक मारणारा सगळ्यात वयस्कर खेळाडू. ती पेनल्टी आठवली की मला ही हॅटट्रिकपण लगेच आठवते.

पुढचं पटकन सांगतो. २०२१ ला बोर्दालास वालेन्सियाला गेला, मोठा क्लब पण आतून पोखरलेला, पैशाचे वाद, मालकाविरुद्ध प्रेक्षकांचे मोर्चे. तरी कोपा देल रे च्या फायनलला नेली, एप्रिल २०२२, सेव्हियामधे, बेटिसशी १-१, पेनल्टीवर ४-५ हार. वालेन्सियाचा गोल ह्युगो दुरोने मारला, जो मूळ हेताफेचाच पोरगा. जूनमधे बोर्दालासला काढलं. पुढच्या एप्रिलमधे हेताफे बुडत होती, सात मॅचेस राहिलेल्या, त्यांनी त्यालाच हाक मारली, आणि शेवटच्या दिवशी वायादोलिदमधे ०-० करून टीम वाचली, वायादोलिद खाली गेली. पुन्हा एक ०-०.

आपल्याकडचा धागा म्हणाल तर तो गोव्यात आहे. एफसी गोवाने २०१७ पासून एकामागून एक स्पॅनिश कोच आणले, सर्जिओ लोबेरा, हुआन फेरांदो, कार्लोस पेन्या, मग मानोलो मार्केझ. लोबेरा पुढे मुंबई सिटीला गेला आणि २०२०-२१ मधे आयएसएलची (इंडियन सुपर लीग) लीग आणि कप दोन्ही जिंकले. मानोलोने तर बार्सेलोनाच्या आसपासच्या खालच्या लीगमधे वर्षानुवर्षं काढलेली, २०१७ मधे लास पाल्मासकडे थोडेच दिवस ला लीगा मिळाली, मग हैदराबादला येऊन २०२२ ची आयएसएल फायनल मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवरच जिंकली आणि पुढे भारताचाही कोच झाला. फातोर्ड्यात बसून जे लोक या कोचांच्या टीम बघतात ते खरं तर त्याच विहिरीचं पाणी पितायत. पण एक फरक आहे आणि तो मला खुपतो. स्पेनमधे विहिरीला निदान तोंड आहे, टीम जिंकत राहिली तर वर जाते आणि सोबत कोचही जातो. आपल्या आयएसएलमधून कितीतरी वर्षं खाली कुणी पडलंच नाही, आणि खालून वर यायचा रस्ता आत्ता आत्ता २०२३ मधे पंजाबसाठी पहिल्यांदा उघडला. मग म्हापशाच्या किंवा मडगावच्या एखाद्या हुशार मिस्टरला चोवीस वर्षं कशाच्या आशेवर काढायची?

आणि आलिकांते सीएफ, जिथून त्याने सुरुवात केली, तो क्लब त्याच्यानंतर २००८ मधे सेगुंदात पोचला, एकच सीझन टिकला आणि २०१४ मधे कायमचा बंद पडला.

१५ ऑगस्ट २०२४, परत सान मामेस, नव्या सीझनची पहिली मॅच, परत अ‍ॅथलेटिक विरुद्ध हेताफे. बोर्दालास आता ६० वर्षांचा. टीममधे धड स्ट्रायकर नाही, मुख्य स्ट्रायकर जखमी, घ्यायला पैसे नाहीत. त्याने पुढे कुणाला उभं केलं तर क्रिस्टांटस उचे नावाच्या २१ वर्षांच्या नायजेरियन पोराला, जो आदल्या सीझनला सेउताकडून तिसऱ्या लेव्हलला खेळत होता, तेही मिडफिल्डर म्हणून. ला लीगातली त्याची पहिलीच मॅच. हेताफे मागे पडली, दुसऱ्या हाफमधे उचेने बरोबरीचा गोल मारला, १-१.